वडारवस्तीची यादी

दगड वाहायच्या हातगाड्यावर घालून दुर्गव्वानं आपल्या लेकाला आणला, तेव्हा मी उपकेंद्राचं कुलूप काढत होते. हणमंता पंचविशीचा गडी. खाणीत घणानं काळा पत्थर फोडायचा. पण त्या सकाळी तो गाड्यावर पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडला होता. डोळे खोल गेलेले, बोटांची टोकं सुरकुतलेली. आईनं त्याला ज्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं होतं, ते तांदळाच्या धुवणासारख्या पाण्यानं भिजलं होतं.

"कधीपासनं?"

"पहाटंपासनं, बाई. धा-बारा येळा झालं. आता पोटात काय ऱ्हायलंच न्हाई, तरी चालूच हाय."

शीर सापडेना. चौथ्या खेपेला सुई बसली. दुसऱ्या हाताला दुसरी बाटली लावली. हे सगळं एकट्या नर्सनं करायचं की नाही, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं. डॉक्टर बसायचे प्राथमिक आरोग्य केंद्रात, चौदा किलोमीटरवर. चिंचखडी गावात सरकारी दवाखाना म्हणजे या दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत मी, शालन सिस्टर. नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. चिंचखडीत दुसरं वर्ष.

दुपारी एकच्या सुमाराला हणमंतानं डोळे उघडले आणि बिडी मागितली. दुर्गव्वानं त्याच्या डोक्यात एक टपली मारली आणि मग पदर तोंडाला लावून हसत-रडत भिंतीला टेकली.

"वस्तीत आणखी कुणाला आहे असं?" मी विचारलं.

तिचं हसू थांबलं. "न्हाई."

"दुर्गव्वा, खरं सांग. एकट्याला होत नाही हे."

"सांगितलं तर लिवशील."

"लिहावं तर लागेलच. लिहिल्याशिवाय वरून औषध कसं येईल? डॉक्टर कसे येतील?"

"आमच्या लोकांची नावं लिवून घ्यायला आजपातूर कोन आलं ठावं हाय का? पोलिस. गावात कोंबडी चोरीला गेली तरी वस्तीची नावं लिवून नेत्यात. औषध द्यायला म्हनून कोन आलं न्हाई."

"मी पोलिस आहे का?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. वर्षभरापूर्वी तिची मोठी सून अडली होती, तेव्हा मी रात्रभर वस्तीवर बसले होते. ते तिच्या मनात आलं असावं. ती उठली. "चल. पर माझ्या मागनं ये. मी सांगितल्याबिगर कोन तोंड उघडायचं न्हाई."

वडारवस्ती गावाबाहेर, खाणीच्या वाटेवर. तीसेक पालं आणि पत्र्याची घरं. वस्तीच्या तोंडाशी पंचायतीचा एक नळ होता, त्याला चार दिवसांतून एकदा पाणी यायचं. मे महिना होता. दुर्गव्वा पालाचं पटकूर वर करून आत तोंड घालायची, आपल्या भाषेत काहीतरी बोलायची, आणि मला खूण करायची. कुणी अंथरुणावर होतं, कुणी अंथरुणाला लागायच्या बेतात. हणमंताची बायको रेणुका सातव्या महिन्यात होती. ती तेवढी ठणठणीत होती. चुलीपाशी बसून तिनं मला विचारलं, "माझं नाव न्हाई लिवत?"

"तुझं कशाला? तू बरी आहेस."

"मग नगं," ती म्हणाली आणि लाजून हसली. तिला नाव लिहून घेतलं जाणं ही काहीतरी मानाची गोष्ट वाटली होती.

संध्याकाळपर्यंत चौदा नावं झाली. नाव, वय, घर, कधीपासून, किती वेळा. मी शाळेत होते तेव्हापासून माझं अक्षर चांगलं. यादीखाली छापील तक्ता होता. 'रोगाचा संशयित स्रोत' असा एक रकाना होता. तो रिकामा ठेवणं मला बरं दिसेना. चौदाच्या चौदा रुग्ण एकाच वस्तीतले, आणि वस्तीचा नळ गटाराच्या काठाला. मी लिहिलं : वस्तीचा सार्वजनिक नळ.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं जाऊन मी यादी डॉक्टर उमराणींच्या पुढ्यात ठेवली. ते तरुण होते, कामसू होते. यादी वाचून ते खुर्चीतून उठलेच. "सिस्टर, पहिल्या दिवशी पकडलंत तुम्ही! लोक मेल्यावर आम्हाला कळवतात." ते स्वतः जीप घेऊन आले, नमुने घेतले, क्लोरीनच्या बाटल्या आणि मीठ-साखरेच्या पुड्यांची खोकी उतरवली. जिल्ह्याला फोन गेला. त्या दिवशी वस्तीतल्या बायका माझ्याकडून पाण्यात थेंब टाकायला शिकल्या. दुर्गव्वा सगळ्यांवर खेकसत होती, "चार थेंब, चार! गुळवनी न्हवं ते!" दोन दिवसांत नवीन रुग्ण निघाला नाही. मी आयुष्यात इतकी दमले नव्हते आणि इतकी खूशही नव्हते.

शुक्रवारी सरपंच अंकुशआबा उपकेंद्रात आले. ते सहसा यायचे नाहीत. काही असलं तर निरोप पाठवायचे. पांढरा सदरा, हातात मोबाईल, मागं ग्रामसेवक.

"सिस्टर, तुमी गावाची लाज राखली," ते बाकावर बसत म्हणाले. "डॉक्टरसाहेब लई कौतुक करत होते. आता पुढचं आमच्यावर सोडा. वस्तीला टँकर लावतो. पर कुठल्या घराला किती लागतंय ते कळाय पायजे का न्हाई? ती यादी जरा द्या."

"यादी दवाखान्याची असते, आबा. नावं आहेत त्यात."

"मग काय झालं? नावं काय परक्याची हायत? आपल्याच गावची मान्सं." ते हसले. "यात्रा तोंडावर आली. पंधरा हजार मान्सं येतील भैरोबाला. साथ हाय म्हनून कलेक्टरानं यात्रा बंद केली, तर गाव मला उभा फाडील. साथ कुठं हाय आन् कुठं न्हाई, एवढंच मला कागदावर दाखवायचंय."

टँकर येणार होता. सरपंच स्वतः चालत आले होते. मी आतून यादी आणली, समोरच्या दुकानातून तिची झेरॉक्स काढून आणली, आणि ग्रामसेवक म्हणाला म्हणून तिच्यावर उपकेंद्राचा शिक्काही मारला. आबांनी जाताना दोन्ही हात जोडले.

शनिवारी टँकर आला. शनिवारीच दुपारी पंचायतीच्या माणसानं वस्तीच्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करून त्यावर कुलूप घातलं.

मला हे रविवारी सकाळी कळलं. बाजाराला चाललेली एक बाई सांगून गेली की पिठाच्या गिरणीत वडारांचं दळण घेत नाहीत. मी वस्तीकडं निघाले. वाटेत देवळाच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला. लांबूनच माझं अक्षर ओळखू आलं. चौदा नावं, वयं, घरं. खाली शिक्का. वर ग्रामसेवकाच्या हातानं लिहिलं होतं : 'खालील कुटुंबांशी व वस्तीशी साथ संपेपर्यंत संपर्क टाळावा. आरोग्य खात्याच्या अहवालावरून.'

मी तो कागद फाडला. पण तो एकच नव्हता. चावडीवर होता, गिरणीच्या दारावर होता, किराणा दुकानात गल्ल्याच्या मागं होता.

आबा घराच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांच्या दारापुढून गावचं मोठं गटार जायचं. त्यावर फरश्या टाकून त्यांनी जीप लावायला जागा केली होती.

"नळ का बंद केला, आबा?"

"म्या केला?" त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "वाचा. 'संशयित स्रोत'. अक्षर कुनाचं हाय?"

"तो माझा अंदाज होता. आणि आता थेंब टाकून पितात ते लोक. नवीन रुग्ण नाही चार दिवस."

"मग डॉक्टरचं पत्र आना, नळ चांगला हाय म्हनून. लगेच कुलूप काढतो."

मी चावडीतून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "सिस्टर, संशयित स्रोत बंद करणं हे बरोबरच आहे. पुस्तकात तेच सांगितलंय. टँकर चालू आहे ना? मग अडचण काय? पाण्याचा अहवाल आला की बघू."

टँकर रविवारी आला नाही. मी वस्तीत जाऊन सांगितलं, "येईल, थोडं थांबा." माझ्या शब्दावर लोक हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उन्हात बसून राहिले. चार वाजता एक-एक करून उठले आणि खाणीत उतरले. खाणीच्या तळाला हिरवट पाणी साचलेलं असायचं. त्यात गाढवं डुंबायची, बायका कपडे धुवायच्या, आणि साथीच्या पहिल्या दिवशी आजाऱ्यांची अंथरुणंही तिथंच धुतली होती.

"ते पिऊ नका," मी दुर्गव्वाला म्हणाले.

"मग काय पिऊ?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

मी थेंबांची बाटली तिच्या हातात दिली. "दुप्पट टाक." त्या गढूळ पाण्यात दुप्पट काय नि चौपट काय, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी उजाडताना हणमंता धावत आला. या वेळी रेणुका होती.

मी पोहोचले तेव्हा तिचे हात गार पडले होते. एक बाटली तिथंच लावली. उपकेंद्रातल्या सगळ्या बाटल्या वस्तीत संपल्या होत्या, ही शेवटची होती. गावात तीन जीपगाड्या होत्या. दोघांनी सांगितलं, यादीतल्या घरचं माणूस गाडीत घेणार नाही. तिसऱ्यानं चावी सापडत नाही म्हटलं. शेवटी खडी न्यायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं काही न विचारता पुढची सीट मोकळी करून दिली. तो परगावचा होता. त्यानं देवळाची भिंत वाचली नव्हती.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिला आत घेतलं. तिथला डॉक्टर म्हणाला, "आणखी बाटल्या लागतील. स्टोअरची चावी येईपर्यंत समोरच्या खाजगी दवाखान्यातून चार आणा, पळा." मी रस्ता ओलांडून पळाले.

त्या खाजगी दवाखान्याच्या लांब खोलीत दहा खाटा होत्या. दारातच पाय थबकले, कारण पहिल्या खाटेवरची म्हातारी माझ्या ओळखीची होती. आबांच्या वरच्या आळीतल्या, सदा देवधर्म करणाऱ्या आक्का. तिच्या पलीकडं सोसायटीचा चेअरमन. त्याच्या पलीकडं त्याची मुलगी. सगळ्यांना सलाईन लागलेलं. खिडकीजवळच्या खाटेवर अंकुशआबांची धाकटी भावजय नलिनी उशीला टेकून मोसंबं सोलत होती.

"सिस्टर! तुमी इथं?" ती आनंदानं म्हणाली.

"वहिनी, कधीपासून आहात?"

"आज धावा दिवस. उद्या सोडत्यात. सासूबाईंना तर माझ्याआधी झालं. त्या गेल्या आठवड्यात घरी गेल्या." तिनं मोसंब्याची फोड पुढं केली. "आपल्या आळीतली अकरा मान्सं येऊन गेली हितं. पाण्याला वास येत होता ना, महिनाभर. दारातल्या गटारात पाइप फुटलाय म्हनं. भावजी म्हणाले, यात्रा झाली की उकरू."

दहावा दिवस. हणमंताला हातगाड्यावर घालून आणला, त्याला सातवा दिवस होता. आबांच्या दारापुढचा तो पाइप गावाला पाणी देऊन मग वस्तीच्या नळाला जायचा.

"मला कुणी कळवलं का नाही?" मी विचारलं.

नलिनी भाबडी बाई होती. तिनं मनापासून उत्तर दिलं. "तुमी कुठं इचारलंत, सिस्टर? तुमी तर वस्तीवर हिंडत होता. आमच्या आळीत आलाच न्हाई."

ते खरं होतं. एकाही दिवशी माझ्या मनात आलं नव्हतं की वरच्या आळीत जाऊन, फरशीच्या ओट्यांवर उभं राहून, तुमच्याकडं कुणाला हगवण आहे का असं विचारावं. ते विचारायचं नसतं असंच धरून मी चालले होते. घाण कुठं असते ते मला नोकरीला लागायच्या आधीपासून ठाऊक होतं. मी फक्त तिथं जाऊन ती मोजली.

बाटल्या घेऊन परत आले तेव्हा हणमंता व्हरांड्यात उकिडवा बसला होता. दुर्गव्वा आत होती. रेणुका दुपारी सव्वादोनला गेली. पोटातलं तिच्याआधी गेलं होतं, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं.

मी यादी नव्यानं केली. मंगळवारी वरच्या आळीत शिरले, घरोघर फिरले. कुणी म्हणालं ऊन लागलं होतं, कुणी म्हणालं आंबा बाधला. चेअरमनच्या बायकोनं तर दार पुढं ओढत विचारलं, "आमचं नाव भिंतीवर लावायचंय का तुमाला?" तरी मी माझ्या अंदाजानं अकरा नावं लिहिली, पाइपचं लिहिलं, आणि डॉक्टरांकडं गेले.

त्यांनी सगळं वाचलं. मग म्हणाले, "खाजगी दवाखान्यातला एकही रुग्ण आपल्याकडं नोंदलेला नाही. त्यांचे नमुने नाहीत. आणि साथ वडारवस्तीपुरती होती, आटोक्यात आली, असा अहवाल काल जिल्ह्याला गेला. माझ्या सहीनं." त्यांनी कागद टेबलाच्या खणात ठेवला. "मी बघतो काय करता येतं ते." वाईट माणूस नव्हता तो. पण तो कागद पुढं गेल्याचं मला कधीच कळलं नाही.

यात्रा झाली. त्याआधी चार दिवस पाइप मात्र गुपचूप उकरला. आबांच्या दारातल्या फरश्या काढायच्या, खालचं काँक्रीट फोडायचं, हे काम वडारांशिवाय कोण करणार? मी लसीकरणाची पेटी घेऊन तिकडून जात होते. गटारात कमरेइतका उतरलेला हणमंता घण घालत होता. बायको जाऊन बारा दिवस झाले होते. त्यानं मान वर केली, मला बघितलं, आणि पुन्हा घण उचलला. ओट्यावरून आबा म्हणाले, "या सिस्टर, चहा घेऊन जावा."

पावसाळ्यात जिल्ह्याला कार्यक्रम झाला. 'साथरोगाची तत्पर खबर दिल्याबद्दल' मला प्रशस्तिपत्र आणि शाल मिळाली. जाऊ नये असं मनात आलं होतं. पण मी गेले. इस्त्रीची साडी नेसून गेले, टाळ्या वाजल्या तेव्हा मान लववली, आणि फोटोतही उभी राहिले. ते प्रशस्तिपत्र माझ्या नोकरीच्या फाइलीत निवृत्तीपर्यंत होतं. बढतीच्या वेळी ते कामाला आलं.

पुढच्या वर्षी, ज्येष्ठ सरता सरता, खाणीच्या वाटेवरून जाताना मला वास आला. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. मी वस्तीत शिरले. पालांची पटकुरं एकापाठोपाठ एक खाली पडत गेली. दुर्गव्वा आपल्या दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. वर्षभरात ती पार वाळली होती.

"दुर्गव्वा, कोण आजारी आहे?"

"कोन न्हाई."

आतून कुणीतरी लहान मूल ओकत होतं. आम्हा दोघींनाही ते ऐकू येत होतं.

"मला आत येऊ दे. लिहिणार नाही मी. शपथ."

"सगळी बरी हायती, बाई," ती म्हणाली. वर्षभरापूर्वी ती मला 'तू' म्हणायची. आता म्हणाली, "तुमी जावा."

मी पिशवीतल्या सगळ्या पुड्या काढून तिच्या पायापाशी ठेवल्या आणि लांब जाऊन बाभळीखाली उभी राहिले. ती वाकेल, उचलेल, म्हणून वाट बघितली. तिनं पायानं त्या पुड्या हळूच बाजूला सारल्या आणि पटकूर खाली सोडलं.

दर सोमवारी साप्ताहिक अहवाल जायचा. त्या सोमवारी मी तो भरला. चिंचखडी, वडारवस्ती. अतिसाराचे रुग्ण : शून्य. खाली सही केली.